हरभट रोडच्या बोळातलं झेरॉक्सचं दुकान: पाचपैकी साडेतीन, तरी परत तिथंच जाणार

आधी पत्ता सांगतो. सांगलीत हरभट रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळात हे दुकान आहे. बोर्डावर दुकानाचं नाव नाही. 'झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, स्पायरल' एवढंच लिहिलंय आणि त्यातल्या 'स्पायरल'चा 'ल' कधीच गळून पडलाय. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. परवा त्यांना म्हटलं, तुमच्या दुकानाबद्दल चार ओळी लिहितोय, तर म्हणाले, "नाव घालू नका. आहे ती गर्दी उरकंना मला." म्हणून नाव नाही. बोळात शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर एक निळी रेघ आणि '२०१९' असा आकडा दिसेल. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, तेव्हा दुकानात पाणी कुठवर होतं त्याची ती खूण. रेघ दिसली की तेच दुकान.

दर असे: झेरॉक्स पानाला २ रुपये, पाठपोट ३. मराठी टायपिंग पानाला ४०. लॅमिनेशन ३०. अर्ज वाचून घ्यायचे, खोडायचे आणि शहाणपण सांगायचे पैसे घेत नाहीत. खरं तर त्याचेच घ्यायला पाहिजेत.

मी तासगाव तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात प्रयोगशाळा सहाय्यक आहे. जून २००४ ला लागलो. १ नोव्हेंबर २००५ च्या आत लागलो म्हणून जुन्या पेन्शनीत बसतो, तेवढं एक नशीब. मी लागलो तेव्हा पाचवी ते दहावी बारा तुकड्या होत्या, आता सहा आहेत. सकाळी सातला गावात इंग्रजी माध्यमाच्या चार पिवळ्या बस येतात आणि पोरं भरून घेऊन जातात. आमच्या लॅबमध्ये पूर्वी एका प्रॅक्टिकलला परीक्षानळ्या पुरत नव्हत्या. आता धुवून ठेवलेल्या नळ्यांवर धूळ बसते म्हणून परत धुवाव्या लागतात.

आमचे शिपाईमामा २०२२ ला रिटायर झाले. त्यांची जागा भरली नाही, भरणारही नाही. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं शिपायाची पदं माणूस निवृत्त झाला की संपतात आणि त्या बदल्यात शाळेला शिपाई भत्ता मिळतो, ग्रामीण भागात महिना ५,००० रुपये. पाच हजारात माणूस मिळतो का? मिळाला होता एक, द्राक्षाची छाटणी सुरू झाल्यावर तिकडं गेला, तिथं रोजचे जास्त मिळतात. तेव्हापासून घंटा मी देतो. लिटमस पेपर आणि घंटा, दोन्ही माझ्याकडं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हेडसर चहा पिता पिता म्हणाले, "पट बघितलास का? यंदा तुझं पद बसत नाही असं दिसतंय." आणि कप ठेवून वर्गावर निघून गेले. कागद नाही, पत्र नाही. अनुदानित शाळेत ३० सप्टेंबरचा पट, म्हणजे त्या दिवशी शाळेत किती पोरं आहेत तो आकडा, आमच्यासाठी पंचांगासारखा असतो, त्यावरून सगळ्यांची कुंडली मांडली जाते. शिक्षक अतिरिक्त झाले तर पेपरात येतं, त्यांचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं, संघटना मोर्चा काढतात. सहाय्यकाचं, लिपिकाचं काय होतं ते स्टाफरूममध्ये कुणाला धड माहीत नव्हतं. एक सर म्हणाले, "तुला कुठंतरी टाकतील." टाकतील! मी काय जुना बेंच आहे?

आठ दिवस झोप नाही. पतसंस्थेचा हप्ता, मोठीची बारावी, वगैरे. ते सगळं लिहीत बसत नाही, ज्याच्या घरात पगार एकच येतो त्याला ठाऊक आहे.

एका रात्री बसून चार फुलस्केप भरून अर्ज लिहिला. वीस वर्षांचं सगळं काढलं. इन्स्पेक्शनला रात्री दोनपर्यंत लॅब लावली ते, निवडणुकीची ड्युटी, कोविडात पोरांच्या घरी पुस्तकं वाटत फिरलो ते. शेवटी लिहिलं, "तरी मला न्याय मिळावा, अन्यथा हाच माझा राजीनामा समजावा." लिहून झाल्यावर लई भारी वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

तो टाइप करायला शनिवारी सांगली गाठली. आधी मिरज रोडला एका चकाचक दुकानात गेलो. एसी, दोन मोठी मशीन, पोरगा कानात हेडफोन घालून बसलेला. त्यानं एक अक्षर न वाचता पटापट टाइप करायला घेतलं. पहिल्या पानावर 'सेवाजेष्टता' असं आलं. म्हटलं, बाळा, ज्येष्ठता. तो म्हणाला, चालतंय ओ काका, कोण बघतंय. लाइट गेली म्हणून मी तिथून निघालो. ती लाइट गेली नसती तर तो अर्ज तसाच गेला असता, आणि आज हे लिहायला मी कुठल्या मनःस्थितीत असतो सांगता येत नाही.

हरभट रोडच्या दुकानाचं मला एका अंगणवाडी सेविका ताईंनी एसटीत सांगितलं होतं. गेलो तर पुढं चार माणसं. सातबारावाला एक, बचत गटाच्या दोघी, एक पोरगं कॉलेजचं जर्नल घेऊन. अण्णा सत्तरीचे असतील. अंगात बनियन आणि वर उघडा शर्ट, चष्म्याला एका बाजूला दोरा. पूर्वी राजवाड्यात कचेऱ्या होत्या तेव्हा बाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. तो गोदरेजचा टाइपरायटर अजून दुकानात आहे, पुरात बुडालेला, सगळ्या कळा गंजून एकमेकींना चिकटलेल्या. आता त्याच्या खाली झालेले अर्ज दाबून ठेवतात. पंखा सोडला की कागद उडतात, म्हणून टाइपरायटर. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यांच्या सूनबाई बसतात, हात त्यांचा जास्त वेगात चालतो.

माझा नंबर आला तेव्हा अण्णांनी चारी पानं हातात घेतली आणि वाचायला लागले. नुसतं चाळणं नाही, ओठ हलवत वाचन. मधेच "निवडणूक ड्युटी" एवढं मोठ्यानं म्हणाले आणि मागचे दोघं माझ्याकडं बघायला लागले. शेवटच्या ओळीवर आले. चष्मा वर केला.

"सर, राजीनामा द्यायलाय का?"

शाळेत पोरं सोडली तर मला कुणी सर म्हणत नाही. मी म्हटलं, नाही ओ, ते आपलं रागानं लिहिलंय.

"मग हे कशाला? हे वाक्य संस्थेच्या हातात घावलं तर तुम्हाला काढायचं कष्टच उरत नाहीत त्यास्नी." मग टेबलाखालून एक फुगलेली फाइल काढली. त्यात १९७७ चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आणि १९८१ ची नियमावली, पानं पार पिवळी, कडा पुरात भिजून फुगलेल्या. बोट ठेवून दाखवलं. कलम ७. राजीनामा द्यायचा तर दोन प्रतीत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला, एक आपल्याजवळ. "इतकं केल्यावर होतो राजीनामा. पण 'समजावा' असं लिहिलं की समजून घेणारे लई आहेत. पुढं कोर्टात भांडत बसायचं कुणी?" आणि पेन्सिलीनं ती ओळ खोडली. मग वरची ओळ. मग त्याच्या वरचा परिच्छेद. इन्स्पेक्शनची रात्र गेली, निवडणूक गेली, कोविड गेला. मला खरंच वाईट वाटत होतं, आपल्या अंगावरचं एकेक कापड काढल्यासारखं.

खाली राहिल्या अकरा ओळी. मुख्याध्यापकांना अर्ज. त्यात मागण्या तीनच: शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवाज्येष्ठता यादीची प्रत, चालू संचमान्यतेची (पटावरून शाळेला किती पदं मंजूर, त्या कागदाची) प्रत, आणि माझं पद कमी होणार असेल तर तसं लेखी कळवावं. खाली 'प्रत माहितीसाठी: मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, सांगली'. बस.

मी म्हटलं, अण्णा, यात माझं दुःख कुठं आहे? तर म्हणाले, "दुःखाला आवक नंबर पडत नाही."

त्या दुपारी टायपिंग सुरू असताना त्यांनी जे सांगितलं ते माझ्यासारख्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. नंतर मी स्वतः ती पानं झेरॉक्स करून घेऊन घरी वाचली, त्यामुळं ऐकीव नाही. नियम १२ प्रमाणं संस्थेनं शिक्षकेतरांचीही सेवाज्येष्ठता यादी ठेवायची असते, ती कर्मचाऱ्यांत फिरवायची आणि प्रत मिळाल्याची सही घ्यायची. वीस वर्षांत मी अशी सही एकदाच केली होती, तीही यादी न वाचता, घंटेची वेळ झाली होती म्हणून. नियम २६ म्हणजे तुकड्या किंवा पट कमी झाल्यामुळं कायम माणसाला कमी करायचं असेल तर ३ महिन्यांची नोटीस, शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, आणि साधारणपणे ज्येष्ठतेचं तत्त्व पाळायचं. म्हणजे चहाच्या कपावरून कुणाला कमी करता येत नाही. आणि समजा आदेश आलाच तर कलम ९ प्रमाणं तो मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील, आपल्याला कोल्हापूर. "ते मात्र माझं काम नव्हं, तिथं वकील गाठायचा," हे त्यांनी दोनदा बजावलं. शाळेनं कागद नाहीच दिले तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्यालाही उत्तराची मुदत ३० दिवस. "दोन तीस आहेत सर. एक तुमच्यावर धावतं, एक त्यांच्यावर. गल्लत करू नका."

२८ जानेवारी २०१९ चा शिक्षकेतरांच्या आकृतिबंधाचा, म्हणजे किती पटाला किती पदं हे ठरवणारा, शासन निर्णयही फाइलीत होता. माझ्या शाळेतल्या लिपिकाकडं तो मागितला होता तेव्हा तो म्हणाला होता, नेटवर असंल बघ.

आता त्यांच्या खऱ्या कसबाबद्दल. माझी २००४ ची नेमणूक ऑर्डर चार घड्या पडलेली, घडीवर फाटलेली, कार्बन कॉपी. जांभळी अक्षरं पार उडालेली. मिरज रोडच्या पोरानं तिची झेरॉक्स काढली होती, कोरा कागद आला होता जवळजवळ. अण्णांनी ऑर्डर आधी तळहातानं दोन मिनिटं नुसती सपाट केली. मागं एक काळा कागद लावून बघितला, नको म्हणून पांढरा लावला. शाई गडद करायचं बटण दोनदा दाबलं. पहिली कॉपी काळवंडली, फाडून टाकली, त्याचे पैसे धरले नाहीत. तिसऱ्या कॉपीत तारीख आली, सही आली, जावक क्रमांकसुद्धा आला. तो क्रमांक मूळ कागदावर मला वीस वर्षांत कधी दिसला नव्हता. मग वैयक्तिक मान्यतेचा, म्हणजे माझ्या नेमणुकीला शिक्षण खात्यानं दिलेल्या मंजुरीचा आदेश, सेवापुस्तकाची पानं, सगळं तारखेप्रमाणं लावून उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं पान नंबर घातले. पेन्सिलीनं का, तर मधे कागद वाढला की खोडता येतात. हिरवा टॅग ओवला. फाइलीवर माझं नाव आणि हुद्दा असं सूनबाईंनी सुवाच्य लिहिलं. एकूण १४६ रुपये झाले, १४५ घेतले.

तक्रारी आहेत. नाहीत असं नाही, म्हणून दीड स्टार कापलाय.

बसायला काही नाही. एक स्टूल आहे, त्यावर पेपरची रिमं असतात. मी दोन तास उभा होतो आणि माझ्या मागं एक आजी होत्या, त्यासुद्धा उभ्याच. शेवटी सूनबाईंनी स्वतःची खुर्ची दिली त्यांना. अण्णा, एक बाकडं टाका, झेरॉक्सचा पाव रुपया वाढवा पाहिजे तर.

दुसरं, खाजगी असं काही राहत नाही. तुमचा अर्ज मोठ्यानं वाचतात. माझं पद जाणार हे हरभट रोडवरच्या सहा अनोळखी माणसांना माझ्या बायकोच्या आधी सविस्तर कळलं. पैकी एकानं बाहेर पडताना खांद्यावर हात ठेवला, भडंगाची पुडी पुढं केली. तरी पण.

तिसरं, फॉन्ट. ते अजून जुन्या फॉन्टात टाइप करतात. पेनड्राइव्हवर फाइल घेतली आणि गावात सायबर कॅफेत उघडली तर 'मुख्याध्यापक' च्या जागी टिंबं, कंस आणि चौकोन. अर्जाची दुसरी प्रत पाहिजे झाल्यावर पन्नास किलोमीटर जाऊन येऊन चाळीस रुपयांचं पान घेतलं. सूनबाईंना सांगून युनिकोडमध्ये करून घ्या, त्या देतात करून. अण्णांना सांगायला जाऊ नका, भाषण होतं.

चौथं, मोठ्या मशीनवर उजव्या कडेला एक काळी रेघ येते. माझ्या पोहोचेच्या कॉपीत ती नेमकी शिक्क्याच्या तारखेवर आली होती. छोट्या मशीनवर काढा म्हणायचं.

आता पुढचं. अकरा ओळींचा अर्ज शाळेत दिला. लिपिक म्हणाला, ठेव इथं, पोहोच कशाला पाहिजे, आपण घरातलीच माणसं. मी अण्णांनी पढवलेलं वाक्य म्हटलं, "बरं, मग पोस्टानं पाठवतो, एक प्रत जिल्हा परिषदेत तशी देतोच आहे." पाच मिनिटांत शिक्का पडला. हेडसरांनी दोन दिवस माझ्याकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या वेळी लॅबच्या दारात येऊन म्हणाले, "अरे, मी सहज बोललो होतो." मी तेव्हा दहावीच्या पोरांना अ‍ॅसिडची बाटली कशी धरायची ते दाखवत होतो, लेबल तळहाताकडं, म्हणजे ओघळ आला तरी लेबल जळत नाही. मान हलवली फक्त.

पंधरा दिवसांनी सेवाज्येष्ठता यादी मिळाली. संचमान्यता अजून नाही. यादी दोन पानांची, संस्थेच्या तिन्ही शाळांची. माझं नाव होतं, स्पेलिंग बरोबर होतं, मला बरं वाटलं. फाइलीत लावायला म्हणून झेरॉक्स काढायला परत हरभट रोड. अण्णांनी काचेवर कागद ठेवला, झाकण खाली घेतलं, आणि परत उघडलं.

"सर, तुमची ऑर्डर चारची हाय ना?"

हो म्हटलं.

"हितं सात लिवलंय."

बघितलं तर खरंच. नेमणूक दिनांकाच्या रकान्यात १४/६/२००७. तीन वर्षं गेली माझी. प्रयोगशाळा सहाय्यकांत मी वरून दुसरा असायला पाहिजे, यादीत शेवटचा होतो. कमी करायची वेळ आली तर शेवटच्याचा नंबर आधी लागणार. मुद्दाम केलंय की टाइप करताना चुकलंय, मला माहीत नाही. लिपिक म्हणतो, चुकून झालं. असंल. दोन दिवस ती यादी माझ्या खिशात होती, मी चार वेळा वाचली होती, आणि मला दिसलं नव्हतं. मी नाव बघत होतो. तो माणूस तारखा बघत होता.

लगेच हरकतीचा अर्ज. सात ओळी. सोबत ऑर्डरची ती तिसरी कॉपी, जावक क्रमांकासकट, आणि मान्यता आदेश. टाइप करताना मी म्हटलं, अण्णा, 'अत्यंत खेदाने' असं घालूया का. "नको," म्हणाले, "'सोबत जोडले आहे' असं घालू." ४० रुपये टायपिंग, ६ झेरॉक्स. हरकत शाळेत दिलीय, पोहोच आहे, छोट्या मशीनवर काढलेली. संस्थेनं दुरुस्त केलं नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडं जायचं. मुदत मी कॅलेंडरवर घंटेच्या वेळापत्रकाशेजारीच लिहून ठेवलीय.

कुणी जाणार असाल तर: सोमवारी सकाळी फार गर्दी, बुधवारी बरी असते. शनिवारी दुपारी दोनला शटर खाली, एक मिनिट इकडं नाही. फोनवरून पैसे घेतात पण नेटवर्क बोळात येत नाही, सुट्टे न्या. मूळ कागद सगळे न्या, घरी केलेल्या झेरॉक्स नकोत. लिहून नेलेला अर्ज कितीही चांगला वाटला तरी तो जपून परत मागून घ्या. माझी चार फुलस्केप पानं त्यांच्याकडंच राहिली होती. परवा गेलो तेव्हा टाइपरायटरखाली दिसली. मागच्या कोऱ्या बाजूवर सूनबाईंनी उधारीचा हिशेब मांडला होता.